वसीयत : हक्क की अमानत?

‘मृत्युपत्र’ हा शब्द उच्चारताच घरात सर्वजण गप्प होतात. वडील हयात असताना हा विषय काढणे म्हणजे त्यांच्या मरणाची वाट पाहणे, असे मुलांना वाटते. आणि कागद केला की घरातले आपले वजन संपले, असे वडिलांना वाटते. अरबीतील ‘वसीयत’ या शब्दात मात्र मरण नाही. ताकीद देणे, कळकळीने सोपवणे, हा त्याचा अर्थ. सूरह निसामध्ये वारसांचे हिस्से सांगताना अल्लाहने याच धातूचे क्रियापद वापरले आहे (४:११). म्हणजे आपल्या मुलाबाळांविषयीची पहिली वसीयत अल्लाहनेच केलेली आहे. वाचकहो, आपण लिहू ती दुसरी. आणि दुसरीने पहिलीला छेद द्यायचा नसतो.

मग प्रश्न उरतो : हिस्से जर ठरलेलेच आहेत, तर माणसाच्या हाती काय ठेवले आहे? हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) आजारी असताना पैगंबर (स.) त्यांच्या भेटीस गेले. संपत्तीचा दोन तृतीयांश भाग दान करू का, असे सअद यांनी विचारले. मग निम्मा, मग एक तृतीयांश. पैगंबरांनी एक तृतीयांशाला संमती दिली, पण तोही पुष्कळ आहे असे बजावले. वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा त्यांना सुस्थितीत ठेवून जाणे चांगले, ही शिकवण दिली. दुसऱ्या हदीसनुसार, जो वारस आहे त्याच्यासाठी वसीयत नाही. या दोन मर्यादा एकत्र वाचल्या की एक तृतीयांशाचे प्रयोजन उलगडते. तो भाग लाडक्या मुलाला झुकते माप देण्यासाठी नाही. ज्यांचे नाव वारसांच्या यादीत येत नाही, पण ज्यांचा आपल्या अंतःकरणावर हक्क आहे, त्यांच्यासाठी तो आहे.

एक उदाहरण घ्या. दोन मुलांपैकी थोरला वडिलांच्या हयातीत वारला. मागे त्याची लहान लेकरे राहिली. आजोबा गेल्यावर धाकटा मुलगा हयात असल्यामुळे या नातवंडांना वारसा मिळत नाही. लोक मग शरीअतला कठोर म्हणतात. परंतु शरीअतने आजोबांच्या हाती एक तृतीयांश दिला होता, त्याचे काय झाले? इजिप्तने १९४६च्या कायद्याने अशा नातवंडांसाठी वसीयत बंधनकारक मानली. भारतात ती आजोबांच्या सद्सद्विवेकावर सोडलेली आहे. तेथे कठोरपणा कायद्याचा नसतो, न लिहिलेल्या कागदाचा असतो.

याच्या उलट टोकाला आणखी एक प्रवृत्ती आहे. ‘मालमत्ता माझ्या कष्टाची, मी हवी त्याला देईन,’ असे म्हणून मुलींना वगळले जाते. कोणी हयातीतच सारे मुलांच्या नावे बक्षीस करतो, कोणी बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतो. लग्नात खर्च केला, तोच तिचा वाटा, असे समर्थनही ऐकू येते. पण लग्नाचा खर्च म्हणजे वारसा नव्हे, आणि माहेर तुटेल या भीतीने केलेली सही म्हणजे राजीखुशी नव्हे. हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी त्यांना एक देणगी दिली व पैगंबरांना साक्षीदार होण्याची विनंती केली. सर्व मुलांना असेच दिले आहे का, असे पैगंबरांनी विचारले. नकार ऐकताच त्यांनी साक्ष देण्याचे नाकारले. आपल्या कागदावर पैगंबर साक्षीदार झाले असते का, हा प्रश्न प्रत्येकाने सही करण्यापूर्वी स्वतःला विचारावा.

वाटणीपूर्वी कर्ज फेडायचे असते, आणि पत्नीचा न दिलेला महर हेही कर्जच आहे. म्हणून वसीयतीत देणीघेणी, ठेवी, लोकांच्या अमानती यांची नोंद हवी. ज्याच्याजवळ वसीयत करण्याजोगे काही आहे, त्याने ती लिहून ठेवल्याविना दोन रात्रीही घालवू नयेत, असे पैगंबरांनी सांगितले आहे. आपल्या देशात मुस्लिमाची वसीयत तोंडीही ग्राह्य ठरू शकते, आणि लेखी वसीयतीची नोंदणी ऐच्छिक आहे. तरीही ती लिहावी, दोन विश्वासू साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात, नोंदवावी. तोंडी शब्दावरून भावंडांत वैर माजते, तेव्हा उलगडा करायला बोलणारा उरलेला नसतो.

वसीयत मृत्यूनंतर लागू होते; मुखत्यारपत्र हयातीत चालते. कोकणातील कित्येक घरांचा कर्ता कुवेत किंवा सौदीत राबतो आणि गावच्या जमिनीचे व्यवहार भावाच्या मुखत्यारीवर चालतात. ‘मुखत्यार’ म्हणजे निवडलेला. निवड झाली म्हणून तो मालक होत नाही. त्याची प्रत्येक सही दुसऱ्याच्या वतीने असते. फिकहनुसार मालकाच्या मृत्यूने किंवा त्याची बुद्धी भ्रष्ट झाल्याने वकालत संपते. १८७२च्या भारतीय करार कायद्याचा सर्वसाधारण नियमही तोच आहे. म्हणून वडिलांच्या निधनानंतर जुन्या मुखत्यारपत्रावर जमीन विकणे किंवा त्यांच्या कार्डावर पैसे काढत राहणे, हे इतर वारसांच्या मालावर हात टाकणे आहे. आणि स्मृती क्षीण झाल्यावर धरून घेतलेला अंगठा कागदावर उमटतो, संमतीत नाही. तेव्हा बुद्धी शाबूत आहे तोवरच हे कागद करावेत, मर्यादित कामापुरते करावेत, आणि घरातील सर्वांना, मुलींनाही, ते ठाऊक असू द्यावेत.

हक्क म्हणून लिहिलेली वसीयत विचारते, ‘मला काय करता येईल?’ अमानत म्हणून लिहिलेली वसीयत विचारते, ‘माझ्यानंतर कोणाचे हाल होतील?’ कुरआन सांगतो की हजरत याकूब (अलै.) यांनी अखेरच्या क्षणी मुलांना विचारले, की माझ्यानंतर तुम्ही कोणाची उपासना कराल (२:१३३). तीही वसीयतच होती. आपल्या कागदात शेत, घर, दागिने यांच्या नोंदी असतीलच. त्यांच्या आधी मुलांसाठी एक ओळ असावी : अल्लाहचे भय बाळगा आणि एकमेकांचे हक्क द्या. ती ओळ लिहिण्यापूर्वी खालच्या नोंदी न्यायाच्या आहेत ना, हे तेवढे पाहून घ्या.