काट्यावरचं पाणी

कोकणात आगोटीची बेगमी सुरू झाली, की लाकूडफाट्याला भाव येतो. काजू-आंब्याच्या वाळक्या फांद्या, वादळात पडलेलं एखादं झाड फोडून शेतकरी चार पैसे जोडतो. उभं झाड तोडायचं, तर १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे. अनुसूचीतल्या झाडांना परवानगी लागते.

खरी मेख वजनात. ताज्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असतं. नीट वाळलं, की ते पाचव्या हिश्श्यावर येतं. म्हणजे ओलं लाकूड किलोवर विकणारा बरंचसं पाणीच विकतो, आणि धूर जातो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत! फोडून, वाऱ्याला रचून, महिनोन्‌महिने वाळवणाऱ्याचा काटा मात्र खाली येतो.

प्रामाणिकपणाचा हा रोकडा तोटा. म्हणूनच मोळीवर किंवा गाडीवर केलेला सौदा बरा. तिथे ओल लपवून विकणाऱ्याला वजनाचा फायदा मिळत नाही.