दारांच्या खिळ्यांसाठी लोखंड

दावीद राजाला यरुशलेमेत परमेश्वराचं मंदिर बांधायचं होतं. हेतू चांगलाच होता, तरी नाथान संदेष्ट्यामार्फत नकार आला; मंदिर पुढे मुलगा शलमोन बांधील. दावीद रुसून बसला नाही. त्याने गंधसरूचं लाकूड, पितळ जमवलं, चिरे ताशून घेतले. दारांच्या खिळ्यांना लागणारं लोखंडसुद्धा. ज्या दारातून आपण कधी आत जाणार नाही, त्याच्या खिळ्यांची सोय करायची, याला मी श्रद्धा म्हणते.

आम्हा मराठी ख्रिस्ती माणसांना याचं उदाहरण घरातलंच आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या जीवनावरचं काव्य लिहायला घेतलं आणि १९१९ साली ते गेले. पुढे ते पुरं केलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या बाईंनी.

माझ्या यजमानांना वस्तीतल्या मुलींसाठी अभ्यासिका काढायची होती. कपाट आलं, पुस्तकं आली, जागेची बोलणी चालू असतानाच ते गेले. ‘यातही देवाने काही भलंच योजलं असेल’ असं सांत्वन मला सोसत नाही. मृत्यूला मी भलं म्हणणार नाही. देवाची वेळ मला कळत नाही, पण तो विसरत नाही यावर माझा पूर्ण भरवसा आहे. म्हणून पुस्तकांना कव्हरं घालते, क्रमांक टाकते, वाळवी लागू नये म्हणून कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवते. भाचीला नोंदवही समजावून दिली आहे. अभ्यासिका माझ्या हयातीतच व्हावी असा हट्ट मी देवाजवळ धरत नाही. व्हावी, एवढं मात्र रोज मागते.