आधी शीर बसू द्या

ऑपरेशन होऊन घरी आलो त्या संध्याकाळी आई म्हणाली, "आता चार महिने घरी बसून राय. वावराकडे पाहू नोको." बोलणं मायेचं होतं. पण त्यातलं एक क्रियापद माझ्या डोक्यात पुढे कित्येक दिवस घोळत राहिलं. घरी राहायचं होतं हे खरं, बसायचं मात्र नव्हतं. माझ्या मांडीमागची शीर ज्या हाडावरून उपटली गेली होती, ते माणूस ज्यावर बसतो तेच हाड.

आर्णीच्या आसपासची जमीन काळी. उन्हाळ्यात तिच्या भेगांत हात जातो आणि पावसाळ्यात तीच जमीन पायाला धरून ठेवते, नाहीतर पायाखालून निसटते. जुलैत डवऱ्यामागे चालताना डावा पाय चिखलात रुतला आणि उजवा पुढे सरकत गेला. उजवा गुडघा सरळ राहिला, वरचं अंग पुढे झुकलं. आत कुठेतरी जाड कापड टरकन फाटावं तसं झालं. या दुखापतीची रीत जगभर अशीच आहे, गुडघा ताठ आणि कंबर वाकलेली. पाण्यावर स्की खेळणाऱ्यांना दोरीचा हिसका बसून हेच होतं, ओल्या फरशीवर पाय फाकून पडणाऱ्या म्हाताऱ्या माणसालाही हेच होतं.

कारण साधं आहे. मांडीच्या मागे तीन स्नायू आहेत. सेमिटेंडिनोसस, सेमिमेम्ब्रॅनोसस आणि बायसेप्स फेमोरिस अशी त्यांची नावं. तिन्ही वर बसण्याच्या हाडाला बांधलेले आणि खाली गुडघा ओलांडून नडगीच्या हाडांपाशी पोचलेले. म्हणजे एकच दोरी दोन सांध्यांवरून जाते. कंबरेतून वाकलं की ती वरून ताणली जाते, गुडघा सरळ केला की खालून. दोन्ही एकदम झालं तर तिला सोडायला जागाच उरत नाही. आपण सगळ्यालाच स्नायू म्हणतो. मांसाला हाडाशी जोडणाऱ्या पांढऱ्या चिवट भागासाठी जुना शब्द कंडरा. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातल्या सोळा कंडरा मोजल्या आहेत, त्यांतल्या चार पायांच्या. गावात आम्ही शीर म्हणतो, आणि मला तोच शब्द जवळचा वाटतो.

सुरुवातीला सगळ्यांनी लचक म्हटलं. गरम तेलानं चोळून झालं. चौथ्या दिवशी मांडी मागून काळीनिळी पडली, आणि तो रंग उतरत उतरत गुडघ्यामागे आला. मांडीतली शीर उपटली असेल तर रक्त असं खाली उतरतं. हे मला आधी ठाऊक असतं तर चोळलं नसतं, पहिल्याच दिवशी यवतमाळला गेलो असतो. हे मुद्दाम सांगतो, कारण वेळेचा हिशेब इथे कडक आहे. पहिल्या तीन-चार आठवड्यांत शीर ओढून परत हाडाशी आणणं सोपं जातं. नंतर ती आखडते आणि बोटभर अंतरावरून जाणाऱ्या सायटिक नसेला चिकटू लागते. मग तेच ऑपरेशन अवघड होतं.

ऑपरेशनमध्ये काय केलं ते डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. हाडात छोटे अँकर रोवतात, प्रत्येकाला मजबूत धागा असतो, त्या धाग्यानं शीर तिच्या मूळ जागी आवळून बांधतात. ते म्हणाले, "मी बांधली आहे. बसायची ती आपली आपण." हे वाक्य मी घरी आणलं.

आपल्या बोलण्यात बसणं किती ठिकाणी येतं ते पडल्या पडल्या लक्षात आलं. निखळलेलं हाड बसवतात. संसाराची घडी बसते, धंद्यात जम बसतो, गळ्यात सूर बसतो. या सगळ्यांत बसणं म्हणजे एखाद्या गोष्टीनं आपल्या जागी येऊन तिथे टिकणं. आणि दुसरीकडे बसणं म्हणजे काम सोडणं, आराम करणं. आईच्या मनात हा दुसरा अर्थ होता, डॉक्टरांच्या मनात पहिला. माझ्या दुखण्यात दोन्ही एकमेकांसमोर उभे ठाकले. मी बसलो तर शीर बसणार नव्हती. आधी तिनं बसायचं, मग मी.

आपलं घर जमिनीवर बसण्यासाठी बांधलेलं असतं, हे तोवर जाणवलंच नव्हतं. जेवण पाटावर, भाजी चिरणं विळीवर, देवपूजा आसनावर, गप्पा ओट्यावर, संडास उकिडवं बसून. शेतातही तेच. निंदण उकिडवं बसून, कापूस वेचणं कंबरेतून वाकून. चार पायांची एक प्लास्टिकची खुर्ची सोडली तर घरात उंच असं फारसं काही नव्हतं. बाज होती, पण बाजेला मध्ये झोळ असतो, त्यात माणूस घडी पडल्यासारखा होतो. म्हणून दिवाण ओढून खिडकीशी आणला. मी त्यावर पालथा झोपायचो, नाहीतर कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी घालून. मधूनच कुबड्यांवर उभा राहायचो. गुडघा थोडा वाकलेला ठेवणारा पट्टा होता, शीर खालून ताणली जाऊ नये म्हणून. आजारी पायाचा फक्त अंगठा टेकवायचा, भार दुसऱ्या पायावर आणि हातांवर.

संडासाची अडचण कोणी उघडपणे बोलत नाही, म्हणून लिहितो. पहिल्या सहा आठवड्यांत सगळ्यात मोठा प्रश्न तोच असतो. कमोडची उंच खुर्ची ऑपरेशनच्या आधी घरात यायला हवी. टाके कुल्ल्याच्या घडीत असतात, तिथला ओलावा आणि घाण जखमेला पोचते, म्हणून धुऊन कोरडं करणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं. वेदनेच्या गोळ्यांनी पोट घट्ट होतं, आणि कुंथलं की सगळा जोर त्याच जागी येतो. इसबगोल आणि भरपूर पाणी यांनी मला जेवढं वाचवलं तेवढं फार कशानं वाचवलं नसेल. दिवसातून अनेकदा पावलं वरखाली हलवायची, पोटरीतलं रक्त साखळू नये म्हणून. पोटरी एकाएकी सुजली, दुखू लागली किंवा धाप लागली, तर उद्याची वाट पाहायची नाही, लगेच दवाखाना. हे नियम प्रत्येक सर्जनचे थोडे वेगळे असतात; ज्यानं शीर बांधली त्याचंच ऐकावं.

भेटायला येणाऱ्यांना मी पालथ्यानंच "बसा" म्हणायचो. ते जमिनीवर बसायचे, म्हणजे माझं तोंड त्यांच्या तोंडासमोर यायचं. आर्णीतल्या बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्याकडे राहणारे एक वडीलधारे स्नेही गुडघ्यांमुळे दोन वर्षांपासून खुर्चीवर नमाज पढतात. त्यांनी एवढंच विचारलं, "जमिनीची आठवण येते का?" येते, मी म्हटलं. तेही हो म्हणाले. त्या दुपारी आम्ही फारसं बोललो नाही.

मग कधीतरी प्रश्न पडला, शीर बसते म्हणजे आत नक्की काय होतं? सुरुवातीला जखमेच्या जागी शरीर घाईघाईनं नवे तंतू टाकतं. ते बारीक, कच्चे आणि वाटेल त्या दिशेला गेलेले असतात. ही अवस्था काही आठवडे. पुढे कित्येक महिने त्या तंतूंच्या जागी दणकट तंतू येतात आणि ओढीच्या दिशेनं रांगेत लागतात. कंडरेला रक्तपुरवठा कमी, म्हणून हे काम मांसापेक्षा फार सावकाश चालतं.

कापसाच्या जिल्ह्यातल्या माणसाला हे समजायला लांब जावं लागत नाही. पिंजलेली रुई म्हणजे तंतूंचा गोंधळच. तिचा पेळू केला तरी तो बोटानं तुटतो. चरख्यावर तो ओढला, पिळला, तेव्हा सूत होतं. ओढ दिलीच नाही तर पेळू पेळूच राहतो, आणि घाईनं ओढला तर मधूनच तुटतो. सूत कातणाऱ्याच्या बोटांना ही ओढ किती द्यायची ते कळतं. फिजिओथेरपिस्टचं काम मला तसंच वाटतं. सहाव्या आठवड्यानंतर कुबड्या सुटू लागल्या. आधी पाय न हलवता मांडी नुसती आवळायची, मग पाठीवर झोपून कंबर उचलायची, मग उभ्यानं गुडघा मागे दुमडायचा. ताणण्याचे व्यायाम मात्र बराच काळ नाहीत. मागची शीर आखडली आहे असं वाटतं, आणि वाकून ती मोकळी करावीशी वाटते. तो मोह आवरणं हे सगळ्यात अवघड होतं.

इंग्लंडचा कसोटी क्रिकेट कर्णधार बेन स्टोक्स याची डाव्या मांडीमागची शीर ऑगस्ट 2024 मध्ये फाटली. ऑक्टोबरमध्ये तो परतला आणि डिसेंबरमध्ये हॅमिल्टनच्या कसोटीत तीच पुन्हा गेली. मग जानेवारी 2025 मध्ये ऑपरेशन झालं, आणि तो कसोटी खेळायला उतरला 22 मे 2025 ला. ज्याच्या दिमतीला डॉक्टर आणि फिजिओ दिवसभर असतात, त्यालाही चार महिन्यांहून जास्त लागले. हे आईला सांगितल्यावर तिची काळजी थोडी कमी झाली, आणि माझी घाईसुद्धा.

पोळ्याला मी दारात काठी घेऊन उभा होतो, बैलांना ओवाळताना वाकलो नाही. सोयाबीन सोंगायला आली तेव्हा घडी केलेल्या गोधडीवर, उंच स्टुलावर, दहा मिनिटं बसलो. अकराव्या मिनिटाला हाड जळजळू लागलं आणि उठलो. पुढच्या आठवड्यात पंधरा मिनिटं झाली. कापूस फुटला तेव्हा मात्र वेचायला जायचं नाही हे ठरलंच होतं. वेचणी म्हणजे गुडघे जवळजवळ सरळ ठेवून कंबरेतून वाकणं, दिवसभर, तासन्‌तास. माझी शीर ज्या रीतीनं गेली नेमकी तीच.

म्हणून यंदा मी धुऱ्यावर काट्यापाशी उभा राहतो. संध्याकाळी बायका गाठोडी आणतात, मी आकडा वाचतो आणि वहीत लिहितो. शेवटचं गाठोडं मोजून होईपर्यंत कोणीतरी स्टूल आणून ठेवतं. कधी बसतो, कधी नाही.