बुधवार सोडून

वणीतल्या एका सरकारी कचेरीत ती लिपिक आहे. शेजारच्या टेबलावरचा माणूस वेळ पाळत नाही. २०२० च्या फेब्रुवारीत राज्यात पाच दिवसांचा आठवडा आला, तेव्हापासून कचेरीची वेळ सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा. हा साडेअकराला उगवतो, चारला मावळतो, आणि मस्टरवर मात्र सगळं जागच्या जागी. साहेबांना सांगायचं की नाही? प्रश्न तिने जेवतानाच काढला.

ज्यांच्यापुढे काढला ते तिचे काकाजी, भुयारी कोळसाखाणीतले निवृत्त ओव्हरमन. वणीच्या आसपास आता पाहावं तिकडे उघड्या खाणी, मातीचे डोंगर आणि डंपर. पण काकाजींची नोकरी जमिनीखाली गेली. मी त्या रात्री पाहुणा होतो. मे महिना, आणि कूलरचा असा आवाज की दोघंही जरा ओरडूनच बोलत होते. मी मध्ये बोललो नाही. लिहिताना मात्र अधूनमधून बोलणार आहे.

‘‘त्याले सांगितलं का तू?’’ काकाजींनी विचारलं.

‘‘साहेबांना?’’

‘‘साहेबाले नाही. त्याले. जो येत नाही त्याले.’’

‘‘त्याला काय सांगायचं काकाजी? तो किती वाजता येतो ते त्याला माहीत नाही का?’’

‘‘ते त्याले माहीत आहे. तुले खुपून राहिलं, हे त्याले माहीत आहे का?’’

ती गप्प झाली. काकाजींनी ताकाची वाटी बाजूला सरकवली आणि कीर्तनात ऐकलेली गोष्ट काढली. महाभारताच्या शांतिपर्वातली आहे ती. शंख आणि लिखित हे दोघे भाऊ, दोघेही ऋषी, बाहुदा नदीच्या काठी वेगवेगळे आश्रम. थोरला घरी नसताना धाकटा त्याच्या आश्रमात गेला आणि झाडाची फळं तोडून खात बसला. शंख परत आला, म्हणाला, विचारल्याशिवाय घेतलंस म्हणजे चोरी झाली; आता तूच राजाकडे जा आणि सांग. लिखित गेला. सुद्युम्न राजा माफ करायला तयार होता, पण हा ऐकेना, शिक्षाच मागितली. राजाने दोन्ही हात तोडले. पुढे नदीत तर्पण करायला उतरला तेव्हा ते परत फुटले.

ही गोष्ट सांगणारे बहुधा लिखिताचं कौतुक करतात. काकाजींचं लक्ष थोरल्यावर होतं.

‘‘पाह्य, शंखानं झाकलं नाही. अन् स्वतः राजाकडं पळतही गेला नाही. तोंडावर सांगितलं, जा बावा, तूच सांग. चहाडी अन् फितुरी, दोन्हीतून वाचला.’’

‘‘शंखाचं सोपं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘फळं त्याची होती. झाड त्याचं. मनात आणलं असतं तर, जाऊ दे, भाऊच आहे, असं म्हणून सोडूनही देऊ शकला असता. मी कोणाच्या मालकीचं सोडून देऊ?’’

माझ्या मते त्या रात्रीचं सगळ्यात नेमकं वाक्य हे. सहकाऱ्याला सांभाळून घेणं हा मोठेपणा वाटतो, कारण त्यात आपण काहीतरी देतो आहोत असा भास होतो. देतो मात्र दुसऱ्याच्या खिशातून. त्या टेबलासमोर बाकावर जो बसलेला असतो, त्याचा वेळ सोडून द्यायला आपल्याला कोणी नेमलं?

आणि त्या बाकावर कोण असतं, हे तिने सांगितलं तेव्हा घास हातातच राहिला होता. वणी उपविभागात वणी, मारेगाव आणि झरी जामणी असे तीन तालुके येतात. झरीच्या एखाद्या कोलाम पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, माणूस निघतो तो पहाटेच. आधी पायी, मग मुकुटबनपर्यंत मिळेल ते वाहन, मग एसटी. दहाला पोचतो. त्याला सांगतात, बसा, येतील. परतीची शेवटची सोय गाठायची म्हणून तो तीनला उठतो. कधी भेट होते, कधी होत नाही.

‘‘परवा एक म्हातारे आले होते, वनहक्काच्या दाव्याचे,’’ ती म्हणाली. ‘‘पिशवीत भाकर होती. मला विचारतात, बाई, इथं खाल्लं तर चालते का? त्यांना वाटलं, जेवायला बाहेर गेलो अन् तेवढ्यात साहेब आले तर नंबर जाईल.’’

काकाजी थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी आपल्या खाणीतलं सांगितलं. खाण कोणती ते मी लिहीत नाही.

खाली उतरणारा प्रत्येक जण लॅम्प रूममधून आपल्या नंबरचा दिवा घेतो, वर आला की परत करतो. एकदा पहिली पाळी सुटली आणि एक दिवा कमी आला. माणूसही दिसेना. हाजरी लागलेली, म्हणजे खाली आहे. चार जण परत उतरले. ज्या गल्लीत तो कामाला होता तिथलं छत त्या दिवशी बोलत होतं, बारीक माती गळत होती, आणि हे चौघं त्याच्या नावाने हाका मारत आत शिरले. दोन तासांनी वरून निरोप आला. गडी दुपारीच इनक्लाइनने गुपचूप वर निघून गेला होता. पऱ्हाटीवर फवारणी राहिली होती म्हणे. दिवा जमा केला तर पकडला जाईल म्हणून डब्याच्या पिशवीत घालून घरी नेला होता.

‘‘आमच्या वेळी १९५२ चा खाण कायदा होता, त्यात कलम ४८,’’ काकाजी म्हणाले. कलमाचा नंबर त्यांना जेवणाच्या पाटावरही पाठ होता. ‘‘खाली आता, या घडीला, कोण कोण आहे, त्या प्रत्येकाचं नाव रजिस्टरात दिसलं पाहिजे. पगारासाठी नाही हो ते. १९८९ मधी राणीगंजले पाणी घुसलं, पासष्ट माणसं लोखंडी कॅप्सूलमधी बसवून एकेक करून वर काढली, जसवंतसिंग गिल स्वतः खाली उतरले होते. वर किती आले अन् खाली किती राहिले, हा हिशोबच खोटा असता तर कोणाले शोधता?’’

‘‘तुम्ही त्याचा रिपोर्ट केला?’’

‘‘केला. सात दिवस घरी बसवला त्याले. त्याची बायको तुह्या काकूच्या हळदीकुंकवाले वर्षभर आली नाही.’’

‘‘पण काकाजी, माझ्या ऑफिसात छत पडत नाही.’’

‘‘म्हणूनच तर तुले इचार कराले वेळ आहे. मले नव्हता.’’

इथे ती जरा चिडली. प्रश्न तिच्या दृष्टीने इतका सरळ नव्हता. तो माणूस लबाड आहे म्हणावं तर बुधवारी तो वडिलांना डायलिसिससाठी चंद्रपूरला नेतो, हे तिने स्वतः पाहिलं आहे. प्रामाणिक म्हणावं तर बाकीचे चार दिवस तो वरोरा रोडला प्लॉट दाखवत फिरतो. डायलिसिस खरं आहे आणि प्लॉटही खरे आहेत. बुधवारच्या आडोशाला सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार उभे असतात. बापाचं नाव काढलं की कोणाची बोलायची छाती होत नाही.

‘‘मंग वहीत काय लिहितो तो? बाहेर जाताना?’’

‘‘हालचाल नोंदवहीत? तो कुठे लिहितो! मॅडम, जरा टाका म्हणतो. मी टाकते, स्थळ पाहणी.’’

काकाजींनी मान वर केली. ‘‘म्हणजे तू रिपोर्ट करूनच राहिली, बाई. रोज. फक्त खोटा.’’

मला वाटलं ती रडेल किंवा उठून जाईल. तिने शांतपणे भात वाढून घेतला. मला मात्र या एका उत्तराने सगळा वाद उलटा झाल्यासारखा वाटला. इतका वेळ ती विचारत होती की बोलू की गप्प राहू, आणि प्रत्यक्षात ती गप्प नव्हतीच. गप्प राहण्याला निदान एक लाज असते. कोणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, असं म्हणता येतं. पण वहीतल्या रकान्यात आपल्या अक्षरात ‘स्थळ पाहणी’ लिहिलं की आपण साक्षीदाराच्या जागेवरून उठून आरोपीच्या शेजारी जाऊन बसलो.

‘‘बरं, नाही लिहीत,’’ ती म्हणाली. ‘‘आता साहेबांकडे जाते असं धरा. काय होईल सांगू? साहेब त्याला एक शब्द बोलणार नाहीत, कारण साहेबांनी प्लॉट त्याच्याकडूनच घेतला आहे. पण तक्रार आली म्हणून परिपत्रक निघेल. सगळ्यांनी वेळ पाळावी. दारात थम मशीन बसेल. आमच्याकडे कंत्राटावरची एक डाटा एंट्रीची पोरगी आहे, तिचं बाळ लहान, दुपारी अर्धा तास घरी जाऊन पाजून येते. पहिला पगार तिचा कापला जाईल. हा तर थम लावून परत प्लॉटवर जाईल.’’

हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. वेळेचा नियम खाली उतरताना कडक होत जातो. रोजगार हमी ही महाराष्ट्राने देशाला दिलेली योजना. आज तिच्या सार्वजनिक कामावर खड्डा खोदणाऱ्या बाईचा दिवसातून दोनदा मोबाइलवर फोटो निघतो, १ जानेवारी २०२३ पासून तशी सक्तीच आहे. रेंज नाही म्हणून फोटो चढला नाही तर मजुरी अडकते. तिच्या मस्टरवर ज्यांनी सही करायची, त्यांचा मात्र फोटो काढायला कोणी उभं नसतं.

‘‘तर मंग त्याच्या वेळेचं बोलूच नको,’’ काकाजी म्हणाले. ‘‘कामाचं बोल. त्याच्या टेबलावर फाइली किती दिवस पडून आहेत?’’

‘‘कायद्याने सात कामाचे दिवस. २००५ चा दप्तर दिरंगाईचा कायदा. त्याच्याकडे दोन-दोन महिने.’’

‘‘मंग तेच लिही. अमुक फाइल अमुक तारखेपासून पडून आहे. तो अकराले येवो की एकले येवो. म्हाताऱ्याले त्याचं तोंड पाह्याचं नाही, कागद पाहिजे.’’

तोडगा मला आवडला, पण पुरता नाही. काम वेळेत उरकून चारला घरी जाणाऱ्याबद्दल माझी तक्रार नाही, आणि दिवसभर खुर्ची उबवून फाइल न हलवणाऱ्यांची गर्दी सव्वासहाला वेळेवर बाहेर पडतेच. तरीही बाकावर वाट पाहणाऱ्याला खिडकीत माणूसच लागतो. त्याची शंका फाइलीला विचारता येत नाही. तिने हेच जरा वेगळ्या तऱ्हेने म्हटलं.

‘‘ही पळवाट झाली. सगळ्यांना कळेल मी कोणाबद्दल बोलते आहे, फक्त मी नाव घेतलं नाही एवढंच माझं समाधान.’’

‘‘मंग निनावी अर्ज कर.’’

‘‘तो दप्तरी दाखल होतो. आणि निनावी लिहायचं तर वहीत खोटं लिहिण्यात काय वाईट होतं? दोन्हीकडे मी लपलेलीच.’’

काकाजी हसले. मग त्यांनी बापूजी अण्यांना मध्ये आणलं. वणीत कुठलीही चर्चा लांबली की अणे येतातच, १८८० मध्ये याच गावात जन्मलेले. १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला. ‘‘पटलं नाही तर उठून निघून आले,’’ काकाजी म्हणाले.

‘‘मी कुठे निघून जाऊ? घराचा हप्ता आहे. आणि मी गेले तर माझ्या जागी येणारी बाई पहिल्याच दिवशी ‘स्थळ पाहणी’ लिहायला शिकेल.’’

ताटं उचलली गेली. ती हात धुऊन आली आणि आता ठरवूनच बोलली.

‘‘सोमवारी त्याला तोंडावर सांगते. वहीत मी लिहिणार नाही. फोनवर कोणी विचारलं तर आले नाहीत असंच सांगणार. बाकावरच्याला सकाळीच सांगून टाकणार, आज भेटतील असं दिसत नाही. आणि पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर साहेबांना लेखी देणार, माझ्या सहीने.’’

‘‘अन् त्या पोरीचं? बाळावालीचं?’’

‘‘तिचं त्याच अर्जात. तिच्या अर्ध्या तासाला लेखी परवानगी मागते. आधी तिला विचारून.’’

‘‘बरं. फक्त बुधवार सोडून दे,’’ काकाजी म्हणाले. ‘‘तेवढा नको लिहू.’’

‘‘उलट बुधवार लिहीनच. कारणासकट लिहीन. अर्जित रजा आहे, अर्धपगारी रजा आहे, त्याला ती रीतसर मिळायला पाहिजे हेही लिहीन. खरी गरज वहीत आली तर प्लॉट वेगळे दिसतील.’’

‘‘फळं कोणाची, म्हणून तूच मले मघाशी विचारलं होतं. आता मी विचारतो. दुखणं कोणाचं? त्याच्या बापाचं. ते कागदावर नेण्याचा हक्क तुहा नाही.’’

ती बराच वेळ विचार करत राहिली. ‘‘पण काकाजी, मी बुधवार सोडला तरी साहेब मोजतीलच. चार दिवसांची चौकशी लागली की पाचवा सुटत नाही. त्या दिवशी त्याला स्वतःच सांगावं लागेल.’’

‘‘सांगू दे. त्याचं तोंड, त्याचा बाप.’’