असन्निधान

माणूस समोर नसताना त्याच्याशी असलेलं नातं कशाच्या बळावर टिकतं? आमच्या मुलखात साडेसातशे वर्षांपूर्वी काही माणसांपुढे हा प्रश्न उभा राहिला होता. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी उत्तरापंथे निघून गेले आणि मागे राहिलेल्या शिष्यांजवळ त्यांचं चित्र नव्हतं, त्यांच्या हातचा ग्रंथही नव्हता. होत्या त्या आठवणी. नागदेवाचार्य, ज्यांना पंथ भटोबास म्हणतो, ते रिद्धपुरात स्वामींची एकेक लीळा मनात आणत बसायचे. परंपरा सांगते की त्यांना असं बसलेलं पाहून म्हाइंभटांनी विचारलं, तुम्ही पाहिलं म्हणून तुम्हाला आठवतं, पण ज्यांनी पाहिलंच नाही त्यांनी काय करायचं? मग म्हाइंभट गावोगाव हिंडले. ज्याने जे पाहिलं-ऐकलं होतं ते त्याच्या तोंडून घेतलं, आणि १२७८च्या सुमारास लीळाचरित्र उभं राहिलं. मराठी गद्याचा आरंभ म्हणून ते कॉलेजात शिकवतात. मला ते सगळ्यात आधी विरहाचं पुस्तक वाटतं.

माझी ओळख त्या पुस्तकाशी कॉलेजात झाली नाही, आजीमुळे झाली. मी पांढुर्ण्याजवळच्या तिगावचा. रिद्धपूर आम्हाला फार लांब नाही; पांढुर्ण्याहून वरूड, वरूडहून मोर्शी आणि तिथून पुढे. आजीचं माहेर त्याच अंगाचं. ती लग्न होऊन इकडे आली तेव्हा दोन्ही गावं एकाच मध्य प्रदेशात होती आणि राजधानी नागपूर होती. १९५६मध्ये वऱ्हाड आणि नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही छिंदवाड्याबरोबर इकडेच राहिलो. आजीचं माहेर परराज्यात गेलं. आम्ही शाळेत हिंदी शिकलो आणि घरी मराठी बोललो. आजीने पंथाचा उपदेश घेतलेला होता. बाकी घर साधंच, पोळा-दिवाळी करणारं. पहाटे ती सुताची गाठी घेऊन बसायची आणि तिच्या स्मरणात कुणी बोललेलं तिला चालायचं नाही.

बाबा ट्रक चालवायचे. आंबिया बहाराची संत्री उतरली की पांढुर्ण्याहून माल भरून दिल्लीला, आझादपूर मंडीत. मुलताई, बैतूल, भोपाळ, ग्वाल्हेर, आग्रा ही नावं मी भूगोलाच्या पुस्तकाआधी बाबांच्या तोंडून ऐकली. हंगाम नसला की मिळेल तो माल, मिळेल ती दिशा. निघाले की निघाले. मध्ये कधी एखादं पोस्टकार्ड यायचं, तेही बहुधा ते स्वतः परतल्यावर. ऐंशीच्या दशकात आमच्यासारख्या घरांत माणूस बाहेर गेला म्हणजे खरोखर गेलेला असायचा. तो जेवला का, झोपला का, कोणत्या घाटात आहे, जिवंत आहे का, यातलं काहीही कळायची सोय नव्हती.

त्या दिवसांत आजी आम्हा भावंडांना रात्री अंगणातल्या खाटेवर बसवायची.

"डोये मिटा. सांगा, तुमचा बाप निघाला तवा आंगात कोनता सदरा होता?"

"निळा."

"निळा त सगळेच सांगतीन. बाह्या दुमडल्या होत्या का सोडल्या होत्या? गाडीत चढताना कोनता पाय पहिले टाकला? जाताना कोनाकडं पाह्यलं? बोलला काय?"

आम्ही आठवायचो. पहिल्यांदा काही यायचं नाही. मग दुमडलेली डावी बाही यायची, तिच्यावरचा ग्रीसचा डाग यायचा, क्लीनरला मारलेली हाक यायची, मायने दिलेली भाकरीची पिशवी त्यांनी सीटच्या मागे कशी सरकवली ते यायचं. बहीण म्हणायची, पिशवी मांडीवर ठेवली होती. आजी दोघांचं ऐकून घ्यायची आणि कुणालाही खोटं पाडायची नाही. मोठा झाल्यावर लीळाचरित्र हातात घेतलं तेव्हा लक्षात आलं की ती आम्हाला खेळवत नव्हती, पंथाची साधना शिकवत होती. लीळा अशीच आठवायची असते: गाव कोणतं, देऊळ कोणतं, स्वामी कोणत्या अंगाला बसले होते, समोर कोण होतं, काय विचारलं, काय उत्तर मिळालं. या जागांसाठी तर स्थानपोथी नावाचा वेगळा ग्रंथच आहे. आणि मूळ लीळाचरित्र खल्जीच्या स्वारीच्या धामधुमीत हरवलं, ते पुढे ज्यांना पाठ होतं त्यांच्या तोंडून पुन्हा लिहिलं गेलं, असं पंथ सांगतो. त्यात जिथे दोन आठवणी जुळल्या नाहीत तिथे दोन्ही नोंदवून ठेवल्या आहेत.

पंथाच्या विचारात देवाचं समोर असणं म्हणजे सन्निधान, आणि तो निघून गेल्यानंतरचा काळ म्हणजे असन्निधान. आपल्या वाट्याला आलंय ते असन्निधानच. त्या काळात काय करायचं तेही सांगून ठेवलंय. देव जिथे राहिला-वावरला ती स्थानं, त्याचा स्पर्श झालेल्या प्रसादवस्तू, त्याच्या मार्गातले भिक्षुक आणि घरसंसारात राहणारे वासनिक, या चौघांचा आदर करायचा. आणि त्याच्या लीळांचं, त्याच्या नामाचं स्मरण करायचं. मला या मांडणीतलं मोठेपण उशिरा कळलं. देव समोर नाही म्हणून भक्ती अडत नाही. उलट समोर नसलेल्याला आपल्या बळावर मनात उभं करणं, हेच भक्ताचं काम ठरतं.

माझी पिढी या बाबतीत मोठ्या विचित्र जागी उभी आहे. आमचं बालपण पक्क्या असन्निधानात गेलं. मग पांढुर्ण्यात पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले आणि बाबा रात्रीच्या स्वस्त दरात आग्र्याहून शेजाऱ्यांच्या फोनवर बोलू लागले. मग मोबाइल आला. २०१६मध्ये जिओ आलं आणि आमच्यासारख्या गावांतही नेट हातोहाती झालं. आज माझा मुलगा पुण्याला नोकरी करतो. रोज रात्री त्याचा व्हिडिओ कॉल येतो. त्याने काय खाल्लं ते मला दिसतं, त्याच्या खोलीतली खुर्ची बदलली तेही दिसतं. तो दूर आहे, पण त्याचं असन्निधान होतच नाही. आणि त्याला सन्निधान म्हणावं तर त्याच्या हाताचा स्पर्श नाही, त्याच्या पायांचा आवाज नाही. या तिसऱ्या अवस्थेला पंथाच्या मांडणीत जागा नाही, कारण ती तेव्हा जगातच नव्हती.

इथे कुणी मला जुन्या दिवसांचा गोडवा गाणारा समजू नये. ते दिवस निर्दयी होते. मोठे काका गेले तेव्हा बाबा ग्वाल्हेरच्या पलीकडे कुठेतरी होते, त्यांना कुणी कळवूच शकलं नाही. ते गावात पोचले तेव्हा दारात तेरवीची तयारी चालली होती. सख्ख्या भावाला खांदा देता आला नाही हे दुःख त्यांनी शेवटपर्यंत वागवलं. तो काळ कुणावरही परत येऊ नये. मुलाचा फोन एक रात्र आला नाही तर मला झोप लागत नाही, आणि फोन आला की मी देवाचे आभार मानतो.

पण स्मरणाचं काय झालं, हा प्रश्न मला सोडत नाही. बाबांचे घरात मोजके फोटो, आवाज तर कुठेच नाही. डोळे मिटले की बाबा किती रूपांत येतात: बोनेट उघडून वाकलेले, आंघोळीनंतर कानात तेल घालणारे, रात्री उशिरा आल्यावर झोपलेल्या आम्हाला पाहत दारात उभे राहिलेले. मायचे मात्र फोनात शेकडो फोटो आहेत. डोळे मिटले तर तिचा एकच चेहरा येतो, नातवाच्या वाढदिवसाला काढलेल्या फोटोतला. तिच्यासोबत मी बाबांपेक्षा जास्त वर्षं राहिलो, तरी तो फोटो बाकीच्या मायला पुढे येऊ देत नाही. माझ्या वयाच्या बऱ्याच जणांना विचारलं, त्यांचंही असंच होतं. जे आपण स्वतः आठवून मनात ठेवलं ते वाढत राहतं. जे यंत्राने ठेवलं ते ठेवलं तसंच राहतं, आणि आपण त्याच्या भरवशावर बाकीचं हातचं सोडून देतो. फोन अधूनमधून आपणहून जुना फोटो पुढे करतो, पाच वर्षांपूर्वी याच दिवशी म्हणून. पाहून बरं वाटतं. पण त्यात आठवण्याचं काम मी केलेलं नसतं, आणि पंथाच्या हिशेबाने जे मी केलंच नाही ते माझं स्मरण होत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. म्हाइंभटांनीही आठवणी मनातून काढून कागदावर नेल्याच ना? पुढे पंथाने त्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केल्या, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडली, १९७८मध्ये वि. भि. कोलत्यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र छापून आलं. प्रत्येक टप्प्यावर साधन बदललं आणि भक्ती टिकली. मग फोन आल्याने काय बिघडलं? मी यावर बराच विचार केला आहे. मला दिसणारा फरक असा की पोथी हाती आल्यावरही पंथाने स्मरणाची सुटी दिली नाही. पोथी वाचायची, पाठ करायची आणि मग मिटून मनात लीळा उभी करायची. आजीला वाचता येत होतं, पोथी घरात होती, तरी ती पहाटे पोथी उघडत नसे.

मायचा एक व्हॉइस मेसेज मी जपून ठेवला आहे. त्यात ती फक्त म्हणते, येताना दूध घेऊन येजो. तो मी आजही ऐकतो आणि अंगावर काटा येतो. माझ्या लेखी तो प्रसाद आहे, तिच्या श्वासाचा स्पर्श झालेली वस्तू. पंथाने प्रसादाला मोठा मान दिला, स्वामींनी हात लावलेल्या वस्तू डोक्याला लावल्या, पण प्रसाद आहे म्हणून स्मरणाची गरज संपली असं कधी म्हटलं नाही. दोन्ही आपापल्या जागी ठेवलं. आम्ही प्रसाद साठवत गेलो आणि स्मरण त्याच्यावर सोपवून मोकळे झालो, असं मला वाटतं. फोटो, व्हिडिओ, आवाज जपायलाच हवेत. त्यांच्याकडून आठवण्याचं काम करून घेऊ नये.

दुसरी गोष्ट निरोपाची. बाबा निघायचे तेव्हा माय त्यांच्याकडे जशी पाहायची तसं आता कुणी कुणाकडे पाहत नाही. परत येईपर्यंत पुरवायचं होतं, म्हणून ती डोळे भरून पाहून घ्यायची. दिवाळी संपवून मुलगा निघतो तेव्हा आम्ही पिशव्या मोजतो, चार्जर घेतला का विचारतो, कारण नागपूर आलं की त्याचा फोन येणारच असतो. मागच्या दिवाळीपासून मी ठरवून एक करतो. तो निघाला की त्याच्याकडे नीट पाहतो, आणि त्या रात्री फोन येण्याआधी डोळे मिटून आजीचे प्रश्न स्वतःला विचारतो. शर्ट कोणता? बाह्या कशा? बोलला काय?

बहीण माहेरी आली की आम्ही दोघं एका वहीत बाबांच्या गोष्टी लिहितो. एका पोळ्याला ते ऐन वेळेवर दिल्लीहून आले होते, दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार, म्हणजे दगडफेकीचा मेळा, होता म्हणून रस्ते गच्च भरलेले. मी म्हणतो, त्या वर्षी त्यांनी ट्रान्झिस्टर आणला. ती म्हणते, ट्रान्झिस्टर नंतरचा, त्या वर्षी मायला शाल आणली. वहीत दोन्ही लिहिलं आहे, कुणाचंही खोडलेलं नाही. मुलगा आला की त्याला ही वही वाचून दाखवत नाही, तोंडानेच सांगतो, आणि मध्येच थांबून त्याला विचारतो, तुला आजोबांचं काय आठवतं? तो लहान होता तेव्हा बाबा गेले, तरी त्याने परवा सांगितलं की आजोबांच्या खिशात बडीशेप असायची. हे मी विसरलो होतो, आणि कुठल्याही फोटोत ते नाही.

चिठ्ठीपत्राच्या काळात वाढलेले आणि आता हातात फोन घेऊन बसलेले आपण शेवटचे लोक आहोत ज्यांना दोन्ही ठाऊक आहे. म्हणून माझ्या वयाच्या वाचकांना हात जोडून सांगणं आहे: घरातली मुलं जवळ असतील तेव्हा फोन बाजूला ठेवा, गेलेल्या माणसाची एक गोष्ट तोंडाने सांगा, त्यांनाही प्रश्न विचारा, आणि फोटो नंतर दाखवा.