पाहुण्याचा भार

९ सप्टेंबर २०२५ ला काठमांडूत सिंहदरबार जळत होता, हिल्टन हॉटेलला आग लागली होती आणि त्रिभुवन विमानतळ बंद पडला होता. समाजमाध्यमांवरच्या बंदीविरुद्ध आदल्या दिवशी रस्त्यावर उतरलेल्या तरुणांवर गोळीबार होऊन १९ जणांचा जीव गेला होता. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत त्याच संध्याकाळी दिवाळीतल्या पशुपतिनाथ-पोखरा-मुक्तिनाथ सहलीचा विषय निघाला असणार. एक म्हणतो, पैसे बुडाले तरी बेहत्तर, पण जायचं नाही. दुसरा म्हणतो, महिन्याभरात सगळं थंड होईल. आजीचं म्हणणं, देवाच्या दारी जाणाऱ्याला कसली भीती? १२ तारखेला सुशीला कार्कींनी हंगामी पंतप्रधान म्हणून शपथ घेतली, विमानं त्याआधीच उडू लागली होती. घरातला वाद मात्र एकाच मुद्द्यावर घुटमळत राहिला : धोका आहे की नाही?

हा प्रश्न विचारायलाच हवा, पण त्याचं उत्तर वाटतं तितकं अवघड नसतं. देश म्हणजे एक चौक नव्हे. टीव्हीवर तीच दहा मिनिटांची आग दिवसभर फिरत असते. जमावाचा राग कुणावर आहे, मोर्चे कुठे निघतात, संचारबंदी किती वाजता लागते, एवढं कळलं तरी चित्र बरंच स्पष्ट होतं. राजकीय आंदोलनात परक्या प्रवाशाला गोळी लागण्यापेक्षा तो अडकून पडण्याची शक्यता मोठी. विमान रद्द, एटीएम कोरडं, रक्तदाबाची गोळी मिळेना, असे हे हाल असतात. त्यात दंगल आणि युद्ध यांतून होणारं नुकसान अनेक प्रवास विमा पॉलिसींनी आधीच वगळलेलं असतं. बारीक अक्षरातला तो परिच्छेद निघण्यापूर्वी वाचावा. हातात जादा आठवडा, जादा पैसे आणि महिन्याची औषधं नसतील तर बेत रद्द करावा. लहान मूल किंवा आजारी माणूस सोबत असेल तर फार विचारही करू नये.

पण हे सगळं जमणाऱ्याने पुढचा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. तिथे गेल्यावर आपला भार कुणावर पडणार, आणि आपला पैसा कुणाच्या हातात जाणार?

श्रीलंकेच्या २०२२ च्या उठावात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू लख्ख दिसल्या. तिथली टंचाई मुळात डॉलरची होती. करकपात, कर्जाचा डोंगर आणि रासायनिक खतांवर एकाएकी लादलेली बंदी यांनी अर्थव्यवस्था खिळखिळी झाली होती. डॉलर आणणारं पर्यटनही २०१९ चे ईस्टरचे बॉम्बस्फोट आणि मग कोविड यांनी आटवलं होतं. १२ एप्रिलला सरकारने परकीय कर्जाची परतफेड थांबवली. मेच्या सुरुवातीला अर्थमंत्र्यांनी सांगितलं की, वापरता येईल असं परकीय चलन पाच कोटी डॉलरही उरलेलं नाही. गॅस, पेट्रोल, औषधं, सगळंच आयातीचं. ते आणायला पैसा नाही. कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर ‘गोटा-गो-गामा’ हे तंबूंचं गाव उभं राहिलं. मागणी होती ती अध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांनी घरी जाण्याची. पर्यटकाने घरी जावं असं तिथे कुणी म्हणत नव्हतं. त्या वेळी खिशात डॉलर घेऊन उतरणारा माणूस देशाला नेमकं हवं तेच घेऊन येत होता.

मात्र उतरल्यावर त्याला लागते एसी गाडी. कोलंबो, कँडी, नुवारा एलिया, याला, गॉल अशी आपली नेहमीची टूर म्हणजे रोज एक मुक्काम आणि दर मुक्कामाला टाकीभर डिझेल. तेव्हा टुकटुकवाला दोन-दोन दिवस पंपासमोर गाडीतच झोपत होता. नंबर आला की थोडं पेट्रोल मिळायचं, ते संपलं की पुन्हा रांगेच्या शेवटी. उन्हातान्हात अशा रांगांमध्ये माणसं दगावली. जूनअखेर तर अत्यावश्यक सेवा सोडून बाकी सगळ्यांची इंधनविक्रीच थांबवली गेली. अशा दिवसांत सफारी जीपमध्ये ओतलेलं डिझेल कुणाच्या वाट्यातून आलेलं असतं? म्हणजे एकच पर्यटक तिजोरीत डॉलर टाकतो आणि त्याच हाताने रांगेतलं इंधन उचलतो. एप्रिलमध्ये गॉलच्या एखाद्या घरगुती गेस्ट हाउसमध्ये आठवडा काढणं आणि जुलैत सहा हॉटेलांची धावती टूर करणं, यांचा हिशेब एक होऊ शकत नाही. पहिला माणूस स्वयंपाकीणबाईचा पगार चालू ठेवतो, दुसरा रांग लांबवतो.

त्याच जून-जुलैत ऑस्ट्रेलियाचा क्रिकेट संघ तिथे होता. २४ जूनला कोलंबोतल्या शेवटच्या एकदिवसीय सामन्याला श्रीलंकेचे प्रेक्षक पिवळे कपडे घालून आले आणि त्यांनी पाहुण्या संघाचे आभार मानले. ९ जुलैला कोलंबोत लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात घुसले. तिकडे गॉलला कसोटीचा दुसरा दिवस चालू होता, आणि मैदानावर नजर ठेवून असलेल्या किल्ल्याच्या तटावर निदर्शक झेंडे घेऊन घोषणा देत होते. खेळ थांबला नाही. दोन दिवसांनी श्रीलंकेने ती कसोटी डावाने जिंकली. ऑगस्टमधला आशिया चषक मात्र श्रीलंकेबाहेर, संयुक्त अरब अमिरातीत हलवावा लागला. पाहुणा येण्याचं मोल आपल्यालाही ठाऊक आहे. २६/११ नंतर मायदेशी गेलेला इंग्लंडचा संघ डिसेंबर २००८ मध्ये परतला, तेव्हा चेन्नईत ३८७ धावांचा पाठलाग करताना सचिनने नाबाद १०३ केल्या आणि ते शतक मुंबईकरांना अर्पण केलं. अर्थात क्रिकेट संघाभोवती बंदूकधारी पहारा असतो, आपल्याभोवती नसतो. पण यजमानाला आपण हवे आहोत की नाही, हे अशा प्रसंगी उघड कळतं.

यजमानाने ‘येऊ नका’ म्हटलं तर? म्यानमारच्या लष्करी राजवटीने १९९६ हे पर्यटन वर्ष म्हणून साजरं करायचं ठरवलं. मंडालेच्या राजवाड्याभोवतीचा खंदक त्यासाठी वेठबिगारीने साफ करून घेतला गेला. लोकशाहीवादी नेत्या आंग सान सू ची यांनी परदेशी पर्यटकांना न येण्याचं आवाहन केलं. तिथला हिशेब श्रीलंकेच्या उलटा होता. एकट्याने हिंडणाऱ्या प्रवाशाला विमानतळावर उतरताच सरकारी काउंटरवर ठरावीक डॉलर मोजून बदल्यात खास प्रमाणपत्रं घ्यावी लागत. चहाच्या टपरीवर पोचण्याआधीच त्याचा पैसा राजवटीकडे जमा होई. पुढे २०११ मध्ये सू चींच्या पक्षाने भूमिका मवाळ केली. घोळक्याने येणाऱ्या टूर नकोत, एकेकट्याने येऊन लोकांत मिसळणाऱ्यांचं स्वागत आहे, अशी ती नवी भूमिका होती. कसं यायचं हेसुद्धा यजमान सांगू शकतो, आणि ते ऐकण्याची जबाबदारी आपली असते.

‘तिकडे माणसं मरतायत आणि तुम्ही फोटो काढायला निघालात?’ हा टोमणा मनाला लागतो, पण त्याने सुटत काहीच नाही. आपण घरी बसल्याने आंदोलकाचं बळ वाढत नाही, आणि पर्यटक आटले की सर्वांत आधी काम जातं ते वाटाड्याचं, खोल्या आवरणाऱ्या बाईचं. श्रीलंकेत २०१८ साली २३ लाखांहून अधिक परदेशी पर्यटक आले होते, २०२२ मध्ये ते साधारण ७ लाख २० हजारांवर घसरले. २०२४ मध्ये पुन्हा २० लाखांवर गेले आणि त्यांत सर्वाधिक भारतीय होते. सगळं सुरळीत झाल्यावर आपण गर्दी केली. गरज होती तेव्हा ज्यांना जाणं परवडलं असतं, त्यांच्यातलेही बहुतेक घरीच राहिले.

म्हणून निर्णय घेताना धाडसाचा आव नको आणि भीतीची लाजही नको. त्या देशातली टंचाई कशाची आहे आणि आपण त्यातलं काय वापरणार, हे आधी पाहावं. पैसा शक्य तितका लहान हातांत पडेल असा मुक्काम निवडावा, आणि तिथले लोक काय म्हणतात ते तिथल्याच वर्तमानपत्रांत वाचावं. हॉटेलात रात्री वीज गेली, जेवणात दोनच पदार्थ आले किंवा ठरलेलं एखादं देऊळ बघायचं राहिलं, तर परत आल्यावर टूरवाल्याशी भांडणार असू, तर आपल्यासाठी शांत देश पुष्कळ आहेत. पैसे भरले म्हणून सगळं मिळालंच पाहिजे हा हट्ट अडचणीतल्या देशाला परवडत नाही. तो घरी ठेवता येत नसेल, तर आपणही घरीच राहावं.