होनाचा पत्ता

समजा, पावसाळ्यात आंबेनळी घाटाच्या कडेला दरड सरकली आणि ओल्या मातीत तुम्हाला नखाएवढी पिवळी चकती दिसली. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. शिवराई होन! वजन तीन ग्रॅमच्या आत. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, त्या राजाचं सोन्याचं नाणं. काय कराल?

कायदा स्पष्ट आहे. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. सरकारने ते ठेवून घेतलं, तर मोबदला किती? धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. बाजारात संग्राहक याच्या कितीतरी पट देतो. म्हणजे प्रामाणिक माणसाला सोन्याचा भाव आणि गप्प बसणाऱ्याला इतिहासाचा.

‘पण नाणं तर वाचलं ना?’ असं कुणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. संग्राहक नसते, तर कित्येक नाणी सोनाराच्या मुशीत गेली असती. पण वाचलं म्हणजे नेमकं काय वाचलं?

फ्रान्सच्या राजांची सोळाव्या शतकातली सोन्याची नाणी बघा. जगभरचे संग्राहक त्यांच्या मागे असतात. पहिल्या फ्रान्स्वाच्या काळात, १५४०पासून, नाण्यावर टाकसाळीचं अक्षर येऊ लागलं, पॅरिसचं ‘ए’. कितीही हात बदलले तरी ते नाणं आपलं जन्मगाव सांगतं. होनावर ना साल, ना टाकसाळ. तो कुठे पोचला, कुठल्या वाटेने, कशासोबत पुरला गेला, हे फक्त माती सांगू शकते. गुपचूप विकला की तो पत्ता कायमचा पुसला जातो. फोटोतली तारीख आणि लोकेशन उडवावं, तसं. चित्र उरतं, साक्ष जाते.

म्हणून मला वाटतं, नाण्याची मालकी आणि त्याच्या माहितीची मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली विकत घेता येते. दुसरी सगळ्यांची असते.

दोष एकट्या गरजू माणसावर टाकू नये. इंग्लंडमध्ये १९९६च्या कायद्याखाली संग्रहालयाने निधी घेतला, तर बाजारभावाएवढं बक्षीस मिळू शकतं. खरं बोलणं तिथे परवडतं. आपल्याकडे ते परवडेपर्यंत जबाबदारी जास्त ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याची. ‘केवढ्याला?’ विचारण्याआधी त्याने ‘कुठे सापडलं?’ विचारावं, आणि उत्तर मिळालं नाही, तर हात मागे घ्यावा.